गावाचे दप्तर

आपल्या घरात कागदांची एक पिशवी असते. कुणाकडे ती देवळीत ठेवलेली असते, कुणाकडे खुंटीला टांगलेली असते. तिच्यात शिधापत्रिका असते, सोसायटीच्या कर्जाची पावती असते, लेकीचा शाळेचा दाखला असतो. पत्र्यातून पाणी गळू लागले की आपण आधी धान्य झाकतो आणि मग ही पिशवी उचलतो. हे आपल्या घराचे दप्तर झाले.

गावालाही असेच दप्तर असते. त्यात आपले शेत असते, आपले घर असते, आपला जन्म असतो, बापाचा मृत्यू असतो. गावात कोणता रस्ता करायचा ठरले तेही असते. हे दप्तर आपल्याबद्दलच लिहिलेले आहे. पण ते आपण कधी वाचले आहे काय? आता आपल्याला अक्षरे लागली आहेत. तेव्हा या पाठात आपण गावाचे दप्तर उघडून बघू.

हे दप्तर नवे नाही. शिवाजी महाराजांच्या काळात आणि त्याच्याही आधी गावाचा लिहिलेला हिशेब असे. पाटील गावचा प्रमुख. कुलकर्णी लिहिणारा. आपल्या मराठवाड्यात कुलकर्ण्याला पुढे पटवारी म्हणू लागले. कोणाची जमीन किती, सारा किती, बलुतेदाराला काय द्यायचे, हे सारे पटवाऱ्याच्या रुमालात बांधलेले असे. रुमाल म्हणजे कागद गुंडाळायचे जाड कापड. सरकारी कचेरीत कागदांचे असे गाठोडे अजूनही दिसते. त्याला बस्ता म्हणतात.

गावात भांडण झाले, म्हणजे शिवेचा वाद किंवा भावकीचा वाद उभा राहिला, तर गोत बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावची जाणती माणसे जमत. साक्षी होत. निकाल कागदावर लिहीत. त्या कागदाला महजर म्हणत. असे शेकडो महजर आजही जपून ठेवलेले आहेत.

महजराच्या शेवटी जे दिसते ते मोठे बघण्यासारखे आहे. जमलेल्यांतल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हते. मग सही कशी करणार? प्रत्येकाने आपल्या हत्याराचे चित्र काढावे, अशी रीत होती. पाटलाच्या नावापुढे नांगर. सुतारापुढे किंकरे. चांभारापुढे आरी. न्हाव्यापुढे आरसा. महारापुढे विळा. या चित्राला निशाणी म्हणत. शिवेचे दगड महाराला पाठ असत, म्हणून शिवेच्या वादात त्याची साक्ष मोठी मानत. तीच माणसे त्याला बसायला मात्र लांब जागा दाखवीत. हेही त्या काळचे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

निशाणी करणाऱ्याला एक गोष्ट माहीत नसे. आपल्या नांगराच्या वर काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नसे. कागद मोडी लिपीत असे. कुलकर्णी वाचून दाखवील ते खरे. कुलकर्णी भला असेल तर ठीक. नसेल तर? वतन बापाकडून मुलाकडे जाई, आणि दप्तरही त्याच घरात राही. गावाचे दप्तर एका घरच्या माडीवर ठेवलेले, आणि ते वाचणारे घरही तेवढेच एक.

पुढे आपला मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. वरच्या कचेरीची भाषा उर्दू. गावच्या पटवाऱ्याचे पुष्कळसे लिखाण मोडी. शेतकरी बोले मराठी, आणि तीही त्याला लिहिता येत नसे. असे तीन कुलपांचे दप्तर! १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. १९५० मध्ये हैदराबाद राज्यात कुळकायदा झाला. दुसऱ्याची जमीन जो कसतो तो कूळ. ज्याचे नाव संरक्षित कुळांच्या यादीत आले, त्याला कायद्याचा आधार मिळाला, जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. नाव यादीत नसलेल्याला आपण ती जमीन कसत होतो हे सिद्ध करीत बसावे लागे. घाम दोघांनीही सारखाच गाळलेला असे. फरक कागदाचा होता.

स्वातंत्र्यानंतर वतने कायद्याने बंद झाली. पटवाऱ्याच्या जागी पगारी तलाठी आला, आणि दप्तर माडीवरून सरकारी जागेत आले.

जुने कागद म्हणजे रद्दी, असे कोणी म्हणेल. तसे नाही. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हा खासरा पत्रके, जन्ममृत्यूच्या वह्या आणि शाळांची जुनी रजिस्टरे पुन्हा उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कोणा गुरुजींनी किंवा पटवाऱ्याने ओढलेली एक ओळ आज नातवाच्या कामी येते किंवा आडवी येते.

आणखी एक सांगून ठेवतो. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी आपण परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे आजचे पाच तालुके. जुन्या कागदावर ‘जिल्हा परभणी’ दिसले, तर कागद खोटा समजू नका. काही गावांचा तर तालुकाही बदललेला आहे. नक्कल मागताना जुना जिल्हा, जुना तालुका सांगावा. कारकुनाला बस्ता लवकर सापडतो.

आज गावात दोन दप्तरे आहेत. एक ग्रामपंचायतीचे, दुसरे तलाठ्याचे. पहिले ग्रामसेवकाकडे असते. २०२४ मध्ये सरकारने या दोघांच्या पदांची नावे बदलली. ग्रामसेवक झाला ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी झाला ग्राम महसूल अधिकारी. गावातली माणसे अजून तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच लिहितो. अर्जावर मात्र नवे नाव घालावे.

ग्रामपंचायतीचे दप्तर आधी बघू. आपल्या ग्रामपंचायती १९५८ च्या कायद्याने चालतात. घरपट्टी ज्या वहीवरून ठरते ती ‘नमुना ८’. तिच्यात घर कोणाचे, किती लांब, किती रुंद, कर किती, हे असते. लोक म्हणतात, ‘माझ्याकडे आठचा उतारा आहे, घर माझंच.’ इथे थोडे थांबा. नमुना ८ ही कराची वही आहे. मालकीचा पक्का पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांची मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना २०२० पासून सुरू झाली आहे. आपल्या गावात ड्रोन फिरला असेल, तर आपल्या घराचे पत्रक आले का, हे विचारावे.

जन्म आणि मृत्यूची नोंदही ग्रामपंचायतीतच होते. लेकरू जन्मले किंवा माणूस गेला, की २१ दिवसांच्या आत कळवायचे. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो. घरी झाला तर घरच्यांनी कळवायचे. उशीर झाला तरी नोंद होते, पण दंड, परवानगी अशी एकेक पायरी वाढत जाते. एक वर्ष उलटले, तर अधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. म्हातारे माणूस घरी गेले की दहाव्या-तेराव्याची सारी तयारी होते, आणि नोंद तेवढी राहून जाते. पुढे वारसाच्या वेळी पहिला प्रश्न येतो, मृत्यूचा दाखला कुठे आहे?

ग्रामपंचायतीची तिसरी वही सभेची. तिला गावात ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. निवडून यावे लागत नाही. वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. सभा भरायला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या शंभरात पंधरा, यांतला जो आकडा लहान असेल तितकी माणसे हवीत. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असाही नियम आहे. घरकुल कोणाला, रस्ता कोणत्या गल्लीत, हे इथे ठरते आणि वहीत लिहिले जाते.

गावाने एकत्र बसून ठरवायचे आणि वहीत लिहायचे, ही रीत जगात दुसरीकडेही होती. अमेरिकेचे उदाहरण बघा. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून माणसे समुद्र ओलांडून तिकडे गेली आणि मॅसॅच्युसेट्स नावाच्या मुलखात त्यांनी गावे वसवली. त्यांतले डेडम हे गाव १६३६ सालचे. पहिल्या वर्षापासूनची त्याची वही टिकून आहे. त्या मुलखातल्या गावचे लोक सभा भरवीत, कारभार बघायला काही माणसे निवडीत, आणि एक जण दप्तर लिही. कोणाला किती जमीन दिली, कुंपण नीट ठेवले की नाही हे बघायचे काम कोणाचे, हे सारे त्या वह्यांत असे. आपल्या लोकांना गंमत वाटेल, पण गुरांच्या कानांच्या खुणाही त्यांत लिहिलेल्या असत. सारी गुरे एकाच रानात चरायला सोडलेली. मग ओळखायची कशी? कोणी गुराच्या कानाचे टोक कापी, कोणी खाच पाडी, आणि ती खूण वहीत नोंदवी. गुरू दुसऱ्याच्या पिकात शिरले तर कोंडवाडा तिकडेही होताच!

१६३९ साली त्या मुलखाने हुकूम काढला की जन्म, लग्न आणि मृत्यू लिहून ठेवावेत. ज्याला सही येत नसे, तो कागदावर फुली मारी. आपल्याकडे नांगर, तिकडे फुली. उणीवही दोन्हीकडे सारखीच. त्या सभेत बायकांना मत नव्हते. आणि ज्यांचा तो मुलूख मूळचा होता, त्या आदिवासींना गावच्या जमीनवाटपात जागा नव्हती. वही नेटकी होती म्हणून न्यायही नेटका होता, असे समजू नये. वहीत कोणाची नावे आहेत हे तर बघावेच, पण कोणाची नाहीत हेही बघावे.

आता तलाठ्याचे दप्तर. यातच खरी मेख आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ बसू.

सातबारा हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, असे दोन नमुने एका कागदावर आहेत. वरचा भाग सात. त्यात जमिनीवर हक्क कोणाचा हे असते. खालचा भाग बारा. त्यात पीक कोणते हे असते. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एका जागी बघायची असेल, तर ‘आठ-अ’ घ्यावा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा आणि तलाठ्याचा आठ-अ वेगळा, हे ध्यानात ठेवा. नावात घोटाळा होतो.

सातबारा हातात घ्या आणि आधी गट क्रमांक वाचा. मग क्षेत्र वाचा. क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. आपण बोलतो एकर आणि गुंठ्यांत. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, आणि एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. कागदावर ०.८१ लिहिले असेल, तर ते एक्याऐंशी आर झाले, म्हणजे साधारण दोन एकर. घाबरायचे कारण नाही. जमीन कमी झालेली नाही, माप बदलले आहे.

मग नावे वाचा. सावकाश, एकेक अक्षर लावून वाचा. नावाजवळ एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव इथे कोणत्या कारणाने आले, ते त्या क्रमांकाच्या फेरफारात लिहिलेले असते. खरेदीने आले, वारसाने आले की वाटणीने आले, ते तिथे कळते. हक्क गेलेल्या नावाला कंस करीत, म्हणून गावात ‘त्याच्या नावाला कंस झाला’ असे म्हणतात. काही ठिकाणी अर्धे शब्द दिसतील. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मालक लहान असताना त्याच्या वतीने मोठ्याचे नाव लावलेले असते. मूल अठरा वर्षांचे झाले तरी ते नाव कित्येक वर्षे तसेच राहिलेले आढळते. ‘मयत’ म्हणजे वारलेला. ‘बोजा’ म्हणजे त्या जमिनीवरचे कर्ज. कर्ज फिटले आणि बोजा तसाच राहिला, असेही पुष्कळ घडते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा दिसेल. भोगवटादार वर्ग दोन असे लिहिले असेल, तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. अशी जमीन घेणाऱ्याने आधी हे बघावे.

पिकाची नोंद पूर्वी तलाठी करी. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून आपले पीक भरायचे. हळद लावली आणि नोंद राहिली, तर कागदावर हळद नाही. मग अतिवृष्टीने नुकसान झाले, तर कशाची भरपाई मागणार?

आता वारसाचे. समजा, एका घरी कर्ता माणूस वारला. मागे बायको, दोन मुली, एक मुलगा आणि म्हातारी आई. जमीन चार एकर. थोरला दीर म्हणतो, ‘वहिनी, कागदाचं मी बघतो. तू फक्त अंगठा दे.’ ती देते. घरचाच माणूस, नाही कसे म्हणावे? सहा वर्षांनी धाकट्या मुलीच्या लग्नाला पैसे हवेत, म्हणून ती तलाठ्याकडे जाते. ‘साहेब, मपल्या नावावर काय हाय?’ तलाठी उतारा काढतो. तिचे नाव नाही. मुलींचे नाव नाही. तिने अंगठा दिला तो हक्कसोडपत्रावर. हक्कसोड म्हणजे माझा वाटा मी सोडला, असे लिहून देणे. तलाठी खोटे बोलत नाही. कागदावर तसेच आहे. एकदा झालेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरावी, असा कायदाच आहे. म्हणजे आता सिद्ध करायचे ओझे तिच्यावर आले. वकील आला, तारखा आल्या, तालुक्याच्या खेपा आल्या. त्या खेपा करणाऱ्या बाईला दिवसाची मजुरीही बुडवावी लागते.

असा दीर सगळ्याच घरांत असतो असे आम्ही म्हणत नाही. पण कागद वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, मग समोर दीर असो, भाऊ असो की पोटचा मुलगा असो. वाचता येत नसेल, तर त्या घरचा नसलेल्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा.

कायदा काय सांगतो तेही बघू. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष वारला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. २००५ मध्ये या कायद्यात सुधारणा झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला. लग्न होऊन ती सासरी गेली, म्हणून हक्क जात नाही. इतर धर्मांच्या लोकांना त्यांच्या त्यांच्या कायद्याप्रमाणे वाटे पडतात. पण वाटा कितीही असो, वारसांची नावे लपवून नोंद करणे कोणालाच चालत नाही. नवरा जिवंत असतानाही बायकोचे नाव सातबारावर लावता येते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव चालवला, आणि १९९२ मध्ये सरकारने त्यासाठी आदेशही काढला. ज्या घरी हे झाले, तिथे नवऱ्यामागे बाईला तलाठ्याच्या दारात कमी उभे राहावे लागते.

नोंद होते कशी? माणूस वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे. तीन महिने उलटले तरी नोंद होते, तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून बसू नये. तलाठी चौकशी करून वारसांची नोंद घेतो. मग फेरफार लिहितो. त्याची नोटीस चावडीवर लागते आणि संबंधितांना पाठवली जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हे पंधरा दिवस फार मोलाचे. ज्याचे नाव सुटले असेल, त्याने याच दिवसांत लेखी हरकत द्यावी. तोंडी सांगितलेले वहीत राहत नाही. हरकत आली तर मंडळ अधिकारी दोघांचे ऐकून निकाल देतो. निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येते. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि नावे सातबारावर चढतात.

राज्यात मेलेल्या माणसांच्या नावावर इतकी जमीन राहिली होती, की २०२५ मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. गावोगाव मयत खातेदारांच्या याद्या केल्या आणि वारसांचे अर्ज घेतले. तरीही आपल्या घरचा उतारा आपणच बघावा. सहीचा उतारा आता घरबसल्याही मिळतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपये भरले की निघतो. शेजारच्या शिकत्या पोराला सांगितले तर तो मोबाइलवर काढून देईल. वाचायचा मात्र आपण.

आता वही घ्या आणि पुढचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून काढा. नवऱ्यामागे बायको अर्ज करते, असे धरून तो लिहिला आहे. मुलाने किंवा मुलीने करायचा असेल, तर ‘पती’च्या जागी ‘वडील’ लिहावे, आणि मुलाने ‘करते’च्या जागी ‘करतो’ लिहावे. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर तारीख, शिक्का व सही घ्यावी. तिला पोच म्हणतात. पोच मागायला लाजू नये. ती लेखी द्यावी, असे कायद्यातच आहे.

प्रति,
ग्राम महसूल अधिकारी (तलाठी),
सज्जा ________, तालुका ________, जिल्हा हिंगोली.

विषय : वारस नोंद होणेबाबत.

महोदय,
मी ________, राहणार मौजे ________, अर्ज करते की माझे पती ________ हे दिनांक ________ रोजी मयत झाले. त्यांच्या नावे मौजे ________ येथे गट क्रमांक ____ मध्ये ____ हेक्टर ____ आर जमीन आहे. त्यांना मी, मुलगा ________, मुली ________ व ________, आणि आई ________ असे वारस आहेत. यांशिवाय दुसरा वारस नाही. तरी वरील सर्व वारसांची नावे अधिकार अभिलेखात नोंदवावीत, ही विनंती.

सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि वारसांबाबतचे स्वयंघोषणापत्र जोडले आहे.

दिनांक ________

अर्जदाराची सही ________